आराखड्याशिवाय कादंबरी लिहू नये, असं माझं मत. तुमचं?

मागावरचा:
आमच्या सोलापूरच्या चादरीवरचं फूल मागावर सुचत नाही. आधी ते चौकटीच्या कागदावर उतरतं, एकेक चौकट रंगवून. त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडतात, कार्डं एकमेकांना ओवून त्यांची माळ मागावरच्या जकार्ड नावाच्या यंत्रावर चढवतात. एका आडव्या धाग्याला एक कार्ड. जिथं भोक, तिथला ताण्याचा धागा वर उचलला जातो. भोक नसेल तिथला खालीच राहतो. माझ्या नायनांनी, म्हणजे वडिलांनी, शहराच्या पूर्व भागातल्या एका कारखान्यात जन्मभर हेच काम केलं. एक कार्ड मागेपुढे ओवलं गेलं, तर फुलाची पाकळी तुटते.

मी पहिली कादंबरी 'सुचेल तसं' लिहायला घेतली. दोन वर्षं, १४० पानं. गिरणी बंद पडल्यावर माझा नायक भिवंडीला गेला आणि तिथून त्याला परत आणायचं कारणच मला सापडेना. सगळं बाजूला ठेवावं लागलं. आता मी प्रकरणागणिक एक पुठ्ठा भिंतीवर लावतो: कोण येतं, काय कळतं, काय लपून राहतं. पूर्ण माळ तयार झाल्याशिवाय पहिलं वाक्य लिहीत नाही. नवीन लिहिणाऱ्यांना 'पात्रं स्वतःच बोलू लागतात' असं सांगणं मला फसवणूक वाटते.

तेंदूपान:
दादा, मला हे अजिबात पटत नाही. चादर विणली की उसवता येत नाही, सूत वाया जातं, म्हणून तिथं आधी कागद लागतो. लिहिलेलं पान फाडता येतं. मागाचा नियम कागदाला का लावायचा?

माझी अम्मा विड्या वळायची. पान भिजवायचं, फर्म्यावर कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा गुंडाळायचा. रोजच्या हजार विड्या होईपर्यंत हात थांबत नसत, पण चार बायका एकत्र बसल्या की तोंडही थांबत नसे. गोष्ट सांगणारी बाई समोरच्यांचे चेहरे बघत गोष्ट वळवायची. कुणाचे डोळे भरले की तिथं रेंगाळायची, कुणी सूप खाली ठेवलं की ओळखायची, आता नवरा मेला हे सांगायची वेळ झाली. शेवट तिलाही ठाऊक नसायचा. मी गोष्ट तिथं शिकले.

तुमची बंद गिरणीवरची कथा मी वाचली आहे. बांधणी पक्की आहे, एक धागा सुटलेला नाही. पण त्यातले काका दारू सोडतात ते पुढच्या प्रकरणाला हवं म्हणून, त्यांना सोडावीशी वाटली म्हणून नाही. हे मी दुखवायला लिहीत नाही. ती कथा मला मनापासून आवडली, म्हणूनच ते खटकलं.

भुईकोट:
माझं मत मागावरचा यांच्या बाजूने. दिवाळी अंकासाठी उन्हाळा संपता संपता विचारणा होते, शब्दमर्यादा सांगितली जाते आणि पावसाळ्यात कथा हातात द्यावी लागते. नोकरी, घर सांभाळून हे आराखड्याशिवाय होणं नाही. इंग्रज कादंबरीकार ट्रोलप पोस्ट खात्यात नोकरी करत पहाटे साडेपाचला बसायचे, समोर घड्याळ ठेवून दर पंधरा मिनिटांना २५० शब्द लिहायचे. अशा शिस्तीनेच त्यांच्या चाळीसहून अधिक कादंबऱ्या झाल्या.

तेंदूपान:
काका, ट्रोलप तुमच्या नव्हे, माझ्या बाजूचे साक्षीदार आहेत. त्यांची शिस्त वेळेची होती, कथानकाची नव्हती. आत्मचरित्रात त्यांनी सांगितलंय, की कादंबरी लिहायला बसताना ती कशी संपणार हे त्यांना माहीत नसायचं. रोज बसणं आणि आधी सगळं ठरवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मीही पाळते: पोरं झोपली की रात्री दहा ते बारा. एप्रिल-मे मध्ये खोलीत बसवत नाही, तेव्हा गच्चीवर, ओला पंचा मानेवर टाकून.

भुईकोट:
ट्रोलपबद्दल तुमचं बरोबर. तो दाखला मी मागे घेतो. शब्दमर्यादेचा मुद्दा मात्र सोडत नाही. दोन हजार शब्दांत वाट चुकायला जागाच नसते.

शेंगाचटणी:
मी सध्या सोलापूरच्या १९३० च्या मार्शल लॉवर कादंबरी लिहितेय, म्हणून बोलते. माझ्या गोष्टीचा शेवट मी ठरवूच शकत नाही, तो ठरलेला आहे. मे १९३० मध्ये शहर लष्कराच्या ताब्यात गेलं. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना फाशी झाली. चौकातले चार पुतळे रोज दिसतात. याहून पक्का आराखडा कुठला असेल?

तरीही पहिले चार महिने मी काहीच लिहू शकले नाही. तारखांची वही भरली होती, पण माणूस एक नव्हता. एका रात्री सहज लिहून गेले, की गल्लीतली एक बाई त्या दिवशी चूल पेटवायची नाही असं ठरवते आणि तिची सासू, एक शब्द न बोलता, पेटवते. ही सासू कुठल्याच टिपणात नव्हती. आता सगळी कादंबरी तिच्या नजरेतून चालली आहे. म्हणून माझं मत मधलं नाही, दोघांपेक्षा वेगळं आहे: घटना आधी ठरवा, माणसं ठरवू नका. मागावरचा दादांच्या पुठ्ठ्यांवर बहुधा माणसंही ठरवलेली आहेत.

मागावरचा:
तेंदूपान ताई, कथेतल्या काकांच्या दारूबद्दल तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. दोन दिवस त्यावरच विचार करतोय. पुठ्ठ्यावर मी 'काका दारू सोडतात' इतकंच लिहिलं होतं, का सोडतात ते नव्हतं.

तरी 'पान फाडता येतं' हे मान्य नाही. पान फाटतं, पण त्यावर गेलेल्या पहाटा परत येत नाहीत. मला पावणेपाच ते साडेसहा एवढीच वेळ मिळते, त्यातही पाण्याच्या दिवशी अर्धी नळावर जाते. १४० पानं फेकली म्हणजे दोन वर्षं फेकली. ज्याच्याकडे सूत कमी, त्याने कागदावर आधी बघून घ्यावं, हा माझा हट्ट गरजेतून आलाय.

शेंगाचटणी ताई, सासूचं वाचून अंगावर काटा आला. नववं प्रकरण, भिवंडीहून परत येण्याचं, त्याचा पुठ्ठा भिंतीवरून काढून ठेवतो. तेवढंच एक. बाकीचे काढणार नाही.

तेंदूपान:
नायक परत आलाच नाही तर चालेल का तुम्हाला?

मागावरचा:
ते अजून मनाला सोसत नाही. घरी त्याची आई आहे.

तेंदूपान:
मग आईला भिवंडीच्या गाडीत बसवून बघा. लिहिलंत की इथं टाका, कच्चं असलं तरी.

मागावरचा:
उद्या पहाटे पाणी आहे. परवा टाकतो.