वसई किल्ल्यातले फोटो: आभाळ, थडग्यांवरची अक्षरं आणि भिंतींवरची नावं. सल्ला हवा

खारवट:
दिवाळीनंतर वसई किल्ल्यातल्या चर्चांचे अवशेष टिपायचे आहेत. क्रॉप बॉडी (छोट्या सेन्सरचा कॅमेरा) आणि १०-१८ मिमीची वाइड लेन्स आहे. छप्पर नसल्याने आभाळ पांढरं फटक येतं, जमिनीतल्या थडग्यांवरची पोर्तुगीज अक्षरं उठत नाहीत, आणि भिंतभर खरवडलेल्या 'अमुक लव्ह तमुक'चं काय करायचं ते कळत नाही. ट्रायपॉड नेता येतो का?

आडवाउजेड:
ट्रायपॉड विसरा. किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. हातात कॅमेरा धरून चालतं, ट्रायपॉडला आधी परवानगी काढावी लागते. ड्रोनचंही तेच.

आभाळासाठी एफ/८, आयएसओ ४००, रॉ (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाईल), आणि नंतर एकत्र जोडायला दोन-दोन स्टॉपच्या फरकाने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) सलग ३ फ्रेम. मधली १/२५० सेकंदाची आली तर सगळ्यात संथ १/६० येते, हातावर सहज निभते. भिंतीतून उगवलेल्या पिंपळाची पानं तिन्ही फ्रेममध्ये हलतात आणि जोडल्यावर भूत दिसतं. तेवढा भाग एकाच फ्रेममधून घ्या. १० मिमीवर कॅमेरा वर झुकवला की भिंती आत कलतात. नंतर सरळ करताना कडा कापल्या जातात, म्हणून चारही बाजूंना मोकळी जागा ठेवा.

थडग्यांसाठी दुपारचा उजेड अगदी कुचकामी. शिळेवर छत्रीने सावली धरा, मग मीटरभर अंतरावरून जमिनीलगत, १०-१५ अंशांत टॉर्च मारा. चारही बाजूंनी एकेक फ्रेम घ्या: एका बाजूने हरवलेली रेघ दुसरीकडून हमखास सापडते. खडू, राख, पीठ, तेल यांतलं काहीही अक्षरांत भरू नका. खडू दगडाच्या छिद्रांत बसतो आणि घासून काढताना अक्षराची धारच झिजते. शिलालेखांची निम्मी वाट 'वाचता यावा' म्हणूनच लागलेली असते.

चुनागच्ची:
नावांबद्दल. नोंदीसाठी काढलेल्या फोटोतून ती पुसायची नाहीत. भिंतीवर शोभेसाठी टांगायचा असेल तर पुसा, पण मूळ रॉ जपा.

तक्रारीसाठी तीन फोटो लागतात: लांबून, म्हणजे कुठली भिंत ते ओळखू येईल असा, मधला, आणि समोरून सरळ, बाजूला १५ सेंमीची पट्टी धरून. पट्टी हातानेच धरा. टेप लावलात तर ती काढताना गिलाव्याचा पापुद्रा सोबत येतो. कॅमेऱ्याचं घड्याळ आधी जुळवा. फाईल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून धाडली की तारीख आणि ठिकाण दोन्ही गळतात; डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ईमेल करा. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्याचं कलम ३० लागू होतं: २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

खारवट:
दोघांचेही आभार. ओला फडका आणि ब्रश नेऊन थोडं साफ केलं तर?

चुनागच्ची:
अजिबात नको. थिनरने स्प्रेचा रंग विरघळून आणखी आत मुरतो, ॲसिड चुना खातं, तारेचा ब्रश दगडावर नवे ओरखडे पाडतो. आणि कायद्याच्या नजरेत तुम्हीही हात लावलेलाच.

भुईदरवाजा:
एक भर. दरवर्षी पावसाळ्यानंतर त्याच जागेवरून फोटो काढलात तर नुकसान किती वाढलं ते कळतं. जुना फोटो मोबाईलवर उघडा आणि जवळच्या खांबाची कड मागच्या खिडकीच्या नेमक्या कुठल्या दगडावर येते ते पाहा. तीच कड तिथेच येईपर्यंत डावी-उजवीकडे सरका, मगच झूम जुळवा. जीपीएसच्या भरवशावर राहाल तर चार-पाच मीटर इकडेतिकडे होतं.

वाचता येतील अशी नावं सोशल मीडियावर टाकू नका, खरवडणाऱ्याला तेच हवं असतं. शिवाय 'राहुल' गावात पन्नास असतात.

पावसाळ्यानंतर गवत कमरेएवढं असतं. घोट्यावरचे बूट घाला, कमानीखाली रेंगाळू नका. किल्ल्यातल्या गोन्सालो गार्सिया चर्चमध्ये मात्र आजही मिस्सा (कॅथलिक प्रार्थनाविधी) होते, ती चालू असताना कॅमेरा बॅगेत.