राजमाचीच्या वाटेवर तुमचं काय झालं? (अनुभव धागा)

परवा राजमाची किल्ल्यावर जाऊन आले आणि राजमाची पाहिलीच नाही. लोणावळ्याहून तुंगार्लीच्या वाटेने पंधरा-सोळा किलोमीटर चिखल तुडवला, उधेवाडीत पिठलं-भाकरी जेवले आणि भैरवनाथाच्या देवळापर्यंत चढले. त्या खिंडीत उभं राहिलं की एका अंगाला श्रीवर्धन आणि दुसऱ्या अंगाला मनरंजन असे दोन बालेकिल्ले, असं ऐकून होते. प्रत्यक्षात धुक्यात समोरची दीपमाळसुद्धा दिसेना. नवरा मोठमोठ्याने हाका मारत होता आणि मी त्याच्या शेजारीच उभी होते! अर्धा तास वाट पाहून उतरलो.

घरी आल्यावर जो तो विचारतो, "फोटो?" काय दाखवू? पांढरा पडदा?

म्हणून हा धागा. दोन्ही बालेकिल्ले, खालची कोंढाणे लेणी, कातळधार धबधबा, काजवे, उधेवाडी, त्या टापूतलं काहीही चालेल. किती वाजता निघालात आणि किती वाजता पोचलात एवढंच लिहू नका. कुठे चुकलात, कुठे तंतरली, काय अजून डोळ्यासमोर आहे ते लिहा.

* * *

मीच नारळ फोडतो. १९८६ची कोजागिरी. पुण्याहून शेवटच्या लोकलने लोणावळ्याला उतरलो. चौघांत मिळून दोन सेलची एक बॅटरी, पण चांदणं इतकं होतं की ती पिशवीतच राहिली. गप्पांच्या नादात फाटा सुटला आणि आम्ही वळवंड-ढाकच्या बाजूला लागलो. तासभर चाललो, वाट छान रुंद, कुणाला शंकाही नाही. मग अचानक कुत्री अंगावर आली आणि झापातून घोंगडी पांघरलेले एक म्हातारबाबा बाहेर आले. रागावले नाहीत. म्हणाले, "राजमाची मागं ऱ्हायली." मग वाटेवर बॅटरी मारायला लावून दाखवलं: शेण आहे, खुरं उमटलीत, पण माणसाच्या पायाचा ठसा एकही नाही. म्हणजे ही ढोरवाट. गुरं चरायला जातात तिथवर जाणार आणि झाडीत विरणार.

पहाटे भैरोबाच्या देवळात पोचलो तेव्हा आटवायला आणलेलं दूध नासलं होतं. तसंच साखर घालून खाल्लं.

* * *

माझी आई एकसष्ट वर्षांची, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. तिला फक्त गाव दाखवायचं म्हणून नेलं होतं, डिसेंबरात. सकाळी चहा पिता पिता ती मनरंजनाकडे बघून म्हणाली, "एवढासाच तर आहे." लोक अर्ध्या तासात चढतात, आम्हाला पावणेदोन तास लागले. ती दर वीस पावलांनी बसायची, पण बसली की गवतातली कुठली तरी भाजी ओळखून दाखवायची.

वर छप्पर उडालेली एक दगडी इमारत आहे. दाराच्या वरच्या पट्टीवर गणपती कोरलाय. मी खिंडारातून उल्हास नदीचं खोरं बघत होते. मागे वळले तर आई टाचा उंचावून त्या गणपतीपर्यंत हात पोचतोय का बघत होती. पोचत नव्हता. मग तिने काठीचं टोक हलकेच दगडाला लावलं आणि ते टोक कपाळाला टेकवलं. आता कुठेही गेलो तरी तिचा एकच प्रश्न असतो, "मनरंजनापेक्षा उंच आहे का?"

* * *

आम्ही गाडीने गेलो. कंबर अजून तिथेच आहे. पुढचं चालू द्या.

* * *

सगळे लोणावळ्याकडूनच का जातात? कर्जतहून कोंदिवडे गाठा आणि खालून चढा, मग कळेल हा किल्ला इथे का बांधला ते. कल्याण बंदराकडून घाटावर जाणारा माल याच टापूतून जायचा, म्हणून बोरघाटावर नजर ठेवायला दोन बालेकिल्ले. १६५७मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीपाठोपाठ हाही घेतला. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा जो तोतया उभा राहिला, त्याच्याही हाती १७७६मध्ये राजमाची काही काळ होती. श्रीवर्धनचा चिलखती बुरूज चुकवू नका: एक भिंत, मध्ये माणूस जाईल एवढी बोळ, मग दुसरी भिंत. बाहेरची तोफेने पडली तरी आतली शाबूत.

पण मला लिहायचंय ते अर्ध्या वाटेवरच्या कोंढाणे लेण्यांबद्दल. दोन हजार वर्षांपूर्वीचं बौद्ध चैत्यगृह. दर्शनी भाग असा घडवलाय की लाकडाच्या माड्या वाटाव्यात, कठड्यांच्या जाळ्यासुद्धा कातळातल्या. डाव्या हाताला एका भंगलेल्या मूर्तीजवळ ब्राह्मीत ओळ आहे: कण्हाच्या शिष्याने, बलकाने केले. मी ऑक्टोबरच्या उन्हात गेलो होतो, अडीच लिटर पाणी लेण्यांपर्यंतच संपवलं आणि पुढच्या चढणीला अक्षरशः जीभ टाळूला चिकटली. तरी त्या ओळीखाली उभा राहिलो तेव्हा मला त्या बलकाचीच काळजी वाटली. त्याला पाणी कोण आणून देत असेल? पावसाळ्यात तर लेण्यांच्या तोंडावर वरून धबधबाच कोसळतो, म्हणजे चार महिने चंगळ.

* * *

धबधब्यावरून कातळधार आठवला. पैसे भरून एका ग्रुपबरोबर गेले होते. नाव लिहीत नाही, पण साठ माणसं आणि वाट माहीत असलेला एकच मुलगा, एवढ्यावरून काय ते ओळखा. उल्हासच्या खोऱ्यात उतरताना रान इतकं दाट की पुढच्याची सॅक दिसेनाशी झाली तर संपलं. धबधब्याच्या मागे कातळात मोठी कपार आहे. तिथे उभं राहिलं की पाण्याचा पडदा समोर आणि आवाज असा की शेजारचीच्या कानात ओरडूनही ऐकू जात नाही. तोंड, चष्मा, डब्यातल्या पोळ्या, सगळं चिंब. एवढं मात्र सांगते, त्या कपारीतली दहा मिनिटं मी कशाशीही बदलणार नाही.

परतताना सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा कमरेवर आला होता. तो मुलगा म्हणाला, "हात धरून जाऊ." आमच्यातल्या एका काकांनी सरळ ओढ्याकाठी बैठक मारली. "पाणी उतरल्याशिवाय मी हलणार नाही, तुम्ही जा." त्यांच्यामुळे सगळेच थांबले. दोन तासांनी पाणी गुडघ्यावर आलं. वरती गाडीरस्त्याला लागलो तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते आणि माझ्या उजव्या बुटाचा तळ ओढणीने बांधलेला होता. काकांचं नावही विचारायचं राहिलं.

* * *

मे संपता संपता, पहिल्या वळवाच्या आसपास, काजव्यांसाठी गेलो होतो. एकेक झाड पेटतं आणि विझतं, तेही तालात. शेजारचं झाड त्याला उत्तर दिल्यासारखं. हे सगळं नर माद्यांना खुणावायला करतात आणि नेमकं त्याच वेळी आपली मंडळी मोबाईलच्या विजेऱ्या झाडांवर मारतात. एका बाईंनी तर पोराला बाटलीत भरून दिले. मी बोललो, तर म्हणे "चार काजव्यांनी काय होतंय?" अंड्यातून निघाल्यावर गोगलगायी खात महिनोन्‌महिने काढायचे आणि पंख फुटल्यावर जेमतेम काही दिवस, एवढाच हिशोब असतो हो त्यांचा. अमावास्येच्या आसपास जा, शनिवार-रविवार टाळा, आणि गावापासून जरा लांब नुसते अंधारात बसा. डोळ्यांना सरावायला वेळ लागतो.

* * *

माझं माहेर उधेवाडी. इथे सगळे आमच्या गावाबद्दल लिहितायत म्हणून राहवलं नाही.

तुम्ही लोक विचारता, "मावशी, अजून किती लांब?" आणि आम्ही म्हणतो, "हे काय, आलंच." खोटं नाही बोलत. माझ्या लहानपणी आजारी माणसाला डोलीत घालून लोणावळ्याला न्यायचे, बाजारातून तेल-मीठ डोक्यावर यायचं. त्या मानाने तुमचं आलंच असतं.

पावसाळ्यात शनिवारी रात्री आई आणि वहिनी चुलीसमोरून उठत नाहीत. तांदळाची भाकरी थापायची तर उकड गरम हवी, हात भाजतात. चाळीस माणसं जेवली की पहाटे तीनला पुढची बॅच दार वाजवते, "काकी, चहा मिळेल का?" मिळतो. फक्त एक करा, आधी फोन करून आकडा सांगा आणि सांगितलात तेवढेच या. तीस सांगून बारा आले की उरलेल्या भाकऱ्या गुरांना जातात.

आणि ओले बूट चुलीशी सुकायला ठेवू नका! एका दादांनी ठेवले होते, बरेच महाग असावेत. सकाळी एकाचा तळ वितळून पाटाला चिकटलेला. ते माझ्या भावाच्या स्लिपर घालून लोणावळ्याला गेले. पुढच्या महिन्यात स्लिपर परत द्यायला आले, नवीन जोड घेऊन.

* * *

धागा काढला ते बरं झालं. उधेवाडीच्या ताई, मागे आम्हीही आठ सांगून सहाच गेलो होतो, माफ करा. मनरंजनावरचा गणपती बघायचा म्हणून नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात परत जातोय, यावेळी कोंदिवड्याकडून. दिवाळीनंतर वर पाणी असतं का? आणि कुणी येणार असेल तर सांगा, आकडा आधी कळवायचाय.

* * *

श्रीवर्धनवर टाकी आहेत, पण मी गावातूनच भरून नेतो. लेण्यांपर्यंतच संपवू नका म्हणजे झालं. माझं एक नाव धरा. फक्त फाट्यावर मला पुढे ठेवू नका.