घरच्या गणपतीचा फोटो : चेहरा काळा, माळा पांढऱ्याफटक

नवशिका_१८५५

लहान (क्रॉप) सेन्सरचा साधा कॅमेरा आहे आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ मिमीची झूम लेन्स. मूर्ती शाडूची, सव्वा फुटाची. मखर भिंतीला टेकून, मागे सोनेरी पडदा आणि पिवळ्या एलईडी माळा, छताला पांढरी ट्यूब, पुढे दोन समया. ऑटोवर काढलं की चेहरा काळपट येतो आणि माळांचे नुसते पांढरे ठिपके. फ्लॅश मारला तर सोंडेवर डाग पडतो आणि मुकुटाची सावली पडद्यावर. काही फोटोंत आडवे काळे पट्टेही आहेत. ५० ची प्राइम (झूम न होणारी लेन्स) घेतली तर सुधारेल का? यंदा गणपती यायला महिना आहे, तोवर काय शिकून होईल?

उजेडाचा_माणूस

लेन्स राहू द्या. आधी ट्यूब बंद करा.

तुमच्या खोलीत तीन रंगांचा उजेड आहे. पांढरी ट्यूब साधारण ६५०० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका लहान तितका रंग पिवळा), पिवळ्या माळा ३००० च्या आसपास, समईची ज्योत १९०० च्या जवळपास. कॅमेऱ्याला व्हाइट बॅलन्स, म्हणजे कोणता उजेड पांढरा धरायचा ते, एकच ठरवता येतो. ट्यूब धरली की समया नारिंगी होतात, माळा धरल्या की मूर्ती निळसर. शिवाय ट्यूब डोक्यावर असल्यामुळे मुकुट उजळतो आणि त्याचीच सावली डोळ्यांवर पडते. चेहरा काळा येतो तो यामुळे.

चेहऱ्यावर उजेड कुठून येणार, हे सगळ्यात आधी ठरवा. खिडकी मूर्तीच्या पुढच्या बाजूला तिरकी, साधारण ४५ अंशांवर येईल अशी मखराची जागा निवडा. थेट ऊन येत असेल तर खिडकीला पांढरं धोतर किंवा पातळ ओढणी लावा. मग सोंडेची सावली पोटावर मऊ पडते आणि गोलाई दिसते. दुसऱ्या बाजूला, फ्रेमच्या बाहेर, पांढरा कार्डशीट उभा धरा. तो दोन फुटांवरून हळूहळू जवळ आणा आणि अंधाऱ्या बाजूच्या डोळ्याची आखणी स्पष्ट दिसू लागली की थांबा. त्याहून जवळ नेलात तर दोन्ही गाल सारखे उजळून चेहरा सपाट होतो.

मूर्ती हलत नाही, त्यामुळे शटर हळू चाललं, म्हणजे जास्त वेळ उघडं राहिलं, तरी बिघडत नाही. ट्रायपॉड, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००-२००, एफ ५.६ (लेन्सच्या छिद्राचं माप), २ सेकंदांचा टायमर, लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद. पंखाही बंद ठेवा. अर्ध्या सेकंदाच्या शटरला दुर्वा आणि हाराचे गोंडे पुसट येतात.

माळाही फोटोत हव्या असतील तर संध्याकाळी साडेसहा ते सात ही वेळ गाठा. माळांचा उजेड तेवढाच राहतो, खिडकीतला उतरत जातो. दर पाच मिनिटांनी एक फोटो काढत राहा, एक्स्पोजर (फोटो किती उजळ येणार ते) प्रत्येक वेळी चेहऱ्याला धरून. आधी माळा जेमतेम दिसतील, अंधार पडल्यावर पांढऱ्या होतील. मधली पंधरा-वीस मिनिटं तुमची.

पट्ट्यांचं कारण वेगळं. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. शटर १/१०० सेकंदापेक्षा जलद ठेवलं की फोटोचा काही भाग मंद क्षणी टिपला जातो. १/१००, १/५० किंवा १/२५ वापरा आणि माळेचा कंट्रोलर स्थिर मोडवर ठेवा.

चौकट

उजेडाचं सगळं पटलं. एक गोष्ट मात्र गणपती यायच्या आधीच करावी लागेल : प्राणप्रतिष्ठा झाली की उत्तरपूजेपर्यंत मूर्ती हलवत नाहीत. म्हणून चौरंग आत्ताच पडद्यापासून दीड-दोन फूट पुढे घ्या. पडदा आपोआप थोडा धूसर होईल आणि सावली त्याच्यावर पडणार नाही.

सराव कलशावर करा. तांब्याचा कलश, वर न सोललेल्या शेंडीचा नारळ, खाली पाट ठेवून एकूण उंची सव्वा फूट. नारळाच्या करवंटीवरचे धागे उठून दिसले तर उजेड बाजूने येतोय, गायब झाले तर समोरून. कलशाच्या चकाकीत काय दिसतं तेही बघा : खिडकीचा लांब पांढरा पट्टा दिसला तर दागिनेही तसेच झळाळतील, नुसता दिव्याचा टिपका दिसला तर तेही टिपक्यांनी भरतील.

लेन्स १८ वर (सर्वांत रुंद) ठेवून जवळ जाऊन काढू नका. पोट आणि पुढचा हात फुगतात, मुकुट निमुळता होतो. लेन्स ५० वर फिरवा, कॅमेरा उभा धरा आणि सव्वाचार फुटांवर थांबा. दोन फूट उंचीची चौकट मिळते. प्राइमची गरज इथे पडत नाही. लेन्स मूर्तीच्या डोळ्यांच्या पातळीत हवी. वरून काढलं तर मूर्ती लहान वाटते. खालून कॅमेरा वर झुकवला तर मखराचे खांब आत कलतात.

एकतृतीयांशाचा नियम (विषय मधोमध न ठेवता चौकटीच्या तिसऱ्या हिश्शावर ठेवायचा) इथे बाजूला ठेवा. मखर दोन्हीकडे सारखं असतं, मूर्ती मधोमधच शोभते. फक्त स्क्रीनवरच्या रेघांची ग्रिड लावून खांब सरळ आहेत का बघा, मुकुटावर थोडी मोकळी जागा सोडा आणि कडा तपासा. स्विचबोर्ड, एक्स्टेंशनची वायर, तेलाची बाटली नेहमी कोपऱ्यातच सापडतात.

जास्वंद

लाल रंगाकडे लक्ष द्या. जास्वंदीचा हार आणि लाल सोवळं बऱ्याचदा एकसंध लाल ठोकळा होऊन येतात, पाकळ्यांच्या शिरा जातात. साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख, उजवीकडे जास्त उजळ) ठीक दिसतो, पण त्यातला लाल रंगाचा भाग उजव्या कडेला आपटलेला असतो. कॅमेऱ्यात तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम लावा, एक्स्पोजर -०.७ करा आणि रॉ (सेन्सरची कच्ची माहिती ठेवणारी फाइल) मध्ये काढा.

नवशिका_१८५५

कलशावर करून पाहिलं, फरक लगेच कळला. पण आमची आरती रात्री आठला. खिडकी तेव्हा कामाची नाही. मग?

उजेडाचा_माणूस

माळांच्याच रंगाचा, म्हणजे ३००० केल्विनचा ९ वॉटचा एलईडी बल्ब घ्या. खिडकी ज्या बाजूला होती त्याच बाजूला, मूर्तीच्या डोळ्यांपेक्षा फूटभर उंच लावा. बल्बपासून अर्ध्या फुटावर पांढरं कापड ताणा, समईपासून लांब. कापड मूर्तीपासून दोन फुटांवर असू द्या. अंतर दुप्पट केलं की उजेड एक चतुर्थांश उरतो; जवळ ठेवलेला दिवा चेहरा उजळतो आणि पडद्यापर्यंत पोचेतो मंदावतो, म्हणून माळा टिकतात. व्हाइट बॅलन्स ३००० वर हातानेच ठेवा.

आरतीत माणसं हलतात, तेव्हा १/१००, आयएसओ १६०० ते ३२००, लेन्स २४ च्या आसपास आणि छिद्र मिळेल तेवढं मोठं. तबक ओवाळताना वर जातं तेव्हा निरांजनाचा उजेड मूर्तीच्या चेहऱ्यावर येतो. फोकस आधीच डोळ्यांवर धरून मॅन्युअल करून ठेवा आणि तबक चेहऱ्याच्या किंचित खाली, बाजूला असताना तीन-चार फोटो सलग घ्या. ते चेहऱ्यासमोर आलं की ज्योत डोळे झाकते.