प्रतिसाद: अभ्यासिकेतल्या वायफायचं लॉगिन पान

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत तीन अ‍ॅक्सेस पॉइंट (वायफायचा सिग्नल देणारी उपकरणं) आहेत आणि लॉगिन पान काही फोनवर उघडतच नाही, असं तुम्ही लिहिलंय. वर एकांनी प्रत्येक अ‍ॅक्सेस पॉइंटवर वेगळं पोर्टल (लॉगिन पान दाखवणारी यंत्रणा) लावायला सुचवलंय. ते कृपया करू नका. मुलं वरच्या मजल्यावर गेली की पुन्हा लॉगिन करावं लागेल.

तिन्ही अ‍ॅक्सेस पॉइंट ब्रिज मोडवर टाका (म्हणजे ते फक्त डेटा पुढे पाठवतील), त्यांचं डीएचसीपी (फोनना आयपी पत्ते वाटणारी सेवा) बंद करा, वायफायचं नाव एकच ठेवा. पोर्टल फक्त गेटवेवर, म्हणजे इंटरनेटला जोडणाऱ्या मुख्य राउटरवर. त्यासाठी ओपीएनसेन्स (फायरवॉल-राउटरची प्रणाली) किंवा ओपनडब्ल्यूआरटी या राउटर-प्रणालीवरचं ओपनएनडीएस हे पोर्टल सॉफ्टवेअर पुरेसं आहे. नाव एकच हवं त्याला आणखी एक कारण आहे: अँड्रॉइड १० पासून फोन सहसा प्रत्येक नेटवर्कनावाला वेगळा मॅक पत्ता (फोनच्या वायफायचा ओळख क्रमांक) देतो, आणि पोर्टल फोनला ओळखतं ते त्यावरूनच.

आता पान न उघडण्याचं. जोडणी होताच अँड्रॉइड साध्या एचटीटीपीवर (कूटबद्ध नसलेल्या वेब-जोडणीवर) एक विनंती पाठवतो आणि २०४ (‘ठीक, पण मजकूर नाही’) या उत्तराची वाट बघतो. त्याऐवजी रीडायरेक्ट (दुसऱ्या पानाकडे वळवणारं उत्तर) आलं की ‘साइन इन करा’ अशी सूचना दिसते. लॉगिनआधी डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) अडवलं असेल तर ही विनंती निघतच नाही, म्हणून आधी तेच तपासा. एचटीटीपीएस (कूटबद्ध जोडणी) मात्र पोर्टलकडे वळवायला जाऊ नका, सर्टिफिकेटचा इशारा बघून मुलं घाबरतात.

डीएचसीपी लीज, म्हणजे एका फोनसाठी पत्ता राखून ठेवण्याची मुदत, दोन तासांवर आणा. मुदत मोठी असेल आणि दिवसभर मुलं येत-जात असतील, तर नेहमीच्या नेटवर्कमधले साधारण अडीचशे पत्ते दुपारीच संपतात.

क्लायंट आयसोलेशनही चालू करा, म्हणजे एका फोनला दुसऱ्या फोनशी थेट जोडता येणार नाही.