मदत हवी आहे: पोर्क रॅक भाजताना वरचा हर्बचा लेप करपतो आणि आत हाडाजवळ कच्चं राहतं

नमस्कार. बरगड्यांसकटचा पोर्क रॅक घरच्या ओव्हनमध्ये दोनदा भाजला, दोन्ही वेळा फसला. रविवारी भाऊ चार वर्षांनी जेवायला येतोय आणि त्याला हाच खाऊ घालायचा आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रॅक साधारण २.२ किलोचा, ८ बरगड्यांचा, वर चरबीचा पातळ थर. रोझमेरी, थाइम, सेज आणि लसूण बारीक चिरून ऑलिव्ह तेलात कालवलं, मीठ-मिरी घालून सगळीकडे चोळलं आणि फ्रिजमधून काढल्या काढल्या २०० अंशांवर ठेवलं. पहिल्यांदा १०० मिनिटं दिली. मांस चोथ्यासारखं कोरडं झालं, घास गिळायला पाणी लागत होतं. दुसऱ्यांदा ७० मिनिटांत काढलं, तर मधला भाग ठीक, पण हाडाला लागून कच्चं. आणि लसूण दोन्ही वेळा काळा, कडू. चरबीही मऊच राहिली.

थर्मामीटर नाही, वजनावरून वेळ काढते. नक्की कुठे चुकतंय? मीठ आदल्या दिवशी लावलं तर मांस आणखी कोरडं पडेल का?

मंदआच:
थर्मामीटर नाही, तिथेच सगळं अडलंय. त्याच वजनाचा एक रॅक लांब-सडपातळ असतो, दुसरा आखूड-जाड. शिजायला लागणारा वेळ जाडीवर ठरतो, वजनावर नाही. सळईसारखं टोक असलेला डिजिटल घ्या आणि आधी बर्फाच्या पाण्यात बुडवून ० दाखवतो का ते बघा. टोक मांसाच्या सगळ्यात जाड भागाच्या मध्यावर हवं. हाडाला टेकलं तर आकडा चुकतो.

अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ मध्ये अख्ख्या तुकड्यांसाठी (खिम्यासाठी नव्हे, तो ७१ लाच) किमान ६३ अंश आणि नंतर ३ मिनिटं विश्रांती असं सांगितलं. त्याआधी तोही आकडा ७१ होता. हा भाग मुळातच कमी चरबीचा, त्यामुळे ७० च्या पुढे गेला की रस निघून जातो. तुमचा पहिला रॅक बहुधा त्याच्याही बराच पुढे गेला. ६३ ला आत किंचित गुलाबी दिसेल, ते चालतं. रंगावर जाऊ नका.

मीठ आदल्या रात्रीच लावा, किलोमागे १२ ग्रॅम. सुरुवातीला पाणी सुटतं, पण रात्रभरात ते मिठासकट परत आत मुरतं. फ्रिजमध्ये उघडाच ठेवा म्हणजे वरचा भाग सुकेल. ओला पृष्ठभाग आधी वाफाळतो, मग भाजतो, म्हणून चरबी मऊ राहते.

खमंग:
थर्मामीटरबद्दल सहमत. लेपाचं माझ्याकडून. हर्ब सुरुवातीला लावूच नका. चरबीला चौकटीच्या चिरा द्या, पण मांसापर्यंत जाऊ देऊ नका. नुसत्या मीठ-मिरीवर २३० ला २० मिनिटं भाजा, मग ओव्हन १५० वर आणा. आतलं तापमान ४० च्या आसपास आलं की बाहेर काढून मोहरीची पेस्ट फासा आणि चिरलेले हर्ब तिच्यावर दाबून बसवा. पेस्टमुळे ते गळत नाहीत. लसूण चिरून लावण्याऐवजी त्याच्या अख्ख्या पाकळ्या ट्रेमध्ये टाका. सोबत कपभर पाणी ओता, म्हणजे खाली पडणारा रस करपणार नाही. बरगड्यांच्या टोकांना फॉइल गुंडाळा.

५९-६० ला बाहेर काढा. आतली उष्णता आणखी ३-४ अंश चढवते. २० मिनिटं फॉइल नुसती वर ठेवा, घट्ट बांधलीत तर वाफेने कवच मऊ पडतं.

मंदआच:
मी उलटं करते, आधी मंद, शेवटी कडक आच. आतून जास्त एकसारखं शिजतं. पण लेप करपायची भीती असेल तर खमंग यांचीच रीत घ्या. आणि मांस आणताना पाठीच्या कण्याचं हाड कापून घ्या, नाहीतर ताटात वाढताना बरगड्या सुट्या होणार नाहीत.

धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. काल केला. मीठ २६ ग्रॅम, आदल्या रात्री. २३० ला २० मिनिटं, मग १५० वर जवळपास सव्वा तास, मध्ये एकदा काढून लेप. थर्मामीटर बर्फात ० दाखवत होता.

६० ला काढला. विश्रांतीनंतर मध्यभागी ६४, पण एका टोकाला, हाडाच्या जवळ, ६१ च होतं. मग परत ओव्हनमध्ये ठेवला आणि तिथेही ६३ झाल्यावर आणखी थोडा वेळ झाकला. वाढायला उशीर झाला, पण कच्चं काही राहिलं नाही. कापताना रस फळीवरून ओघळला. चरबी कुरकुरीत, हर्ब हिरवट-तपकिरी, कडवटपणा अजिबात नाही. भावाने दोन बरगड्या हातात धरूनच खाल्ल्या.

कण्याचं हाड मात्र कापून आणायचं राहिलं, मंदआच. पहिल्या दोन बरगड्या सोडवताना लेप निम्मा गळून पडला. मग सगळं मांस हाडावरून एकसंध उतरवलं आणि काप केले. पुढच्या वेळी आधी तेच.