शनिवारच्या संगणक वर्गाविषयी

बी-४०२ (दुसरीतल्या मुलाची आई): सर्वांना नमस्कार. क्लब हाउसमध्ये दर शनिवारी भरणाऱ्या वर्गाला माझा मुलगा चार वेळा जाऊन आला, आणि प्रत्येक वेळी काय शिकलास असे विचारल्यावर त्याने चित्र काढले एवढेच सांगितले. वर्ग घेणाऱ्या ताईंविषयी मला आदर आहे. परंतु शाळेत सहामाहीला संगणकाच्या भागांची नावे लिहायला येतात आणि ती त्याला अजून येत नाहीत, म्हणून काळजी वाटते.

ए-३०४ (काका): मी जूनमध्येच लिहिले होते की महिनाभराचा अभ्यासक्रम आधी लेखी मिळावा. कोणत्या शनिवारी कोणता धडा होणार, हे पालकांना ठाऊक असले पाहिजे.

सी-१०३ (वर्ग घेणाऱ्या ताई): बी-४०२च्या ताई, तुम्ही विचारलेत हे बरे केलेत. मुले जे चित्रांचे सॉफ्टवेअर वापरतात त्याचे नाव टक्स पेंट. ते मोफत मिळते, लहान मुलांसाठीच केलेले आहे आणि इंटरनेटवाचून चालते. त्यात माऊस धरणे, ओढणे, चुकलेले मागे घेणे आणि काम जतन करणे हे सगळे मुलांच्या हाताला आपोआप वळण लावते. तिसऱ्या शनिवारी मी कळफलकाचा धडा ठरवला होता, परंतु दोन मुलींना आधीच्या आठवड्याचे चित्र सापडेना आणि त्या रडवेल्या झाल्या. तेव्हा कळफलक बाजूला ठेवून तो पूर्ण तास आम्ही आपण जतन केलेली वस्तू नेमकी कोठे जाते हे शोधण्यात घालवला. फोल्डर म्हणजे काय, हे त्या दिवशी मुलांनी मला समजावून सांगितले.

ई-५०१: हे सर्व ठीक आहे, पण गेल्या वर्षी आमच्या योगवर्गाला हाच हॉल नाकारला होता, याची कमिटीने आठवण ठेवावी.

सेक्रेटरी: त्या निर्णयाची कारणे बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवलेली आहेत. तो विषय पुढील सभेत घेऊ, येथे कृपया मुलांच्या वर्गाविषयीच बोलावे.

डी-२०२ (दादा): माझे मत असे की मुलांना शिकवायचीच फारशी गरज नाही. सुगत मित्रा यांनी १९९९ साली दिल्लीत कालकाजीला वस्तीलगतच्या भिंतीत संगणक बसवला होता आणि मुले कोणी न शिकवता तो चालवू लागली होती. संगणक द्यावा आणि मोठ्यांनी बाजूला व्हावे.

सी-१०३ (ताई): दादा, तो प्रयोग मलाही मोलाचा वाटतो. मुले एकमेकांचे बघून किती लवकर शिकतात हे त्यातून दिसले, आणि म्हणूनच मी एका संगणकावर दोघांना बसवते. परंतु त्यावर टीकाही झाली. मार्क वॉर्शॉवर या अभ्यासकाने लिहिले की मुले मुख्यतः खेळ खेळत आणि चित्रे काढत, इंटरनेट क्वचितच चालत असे आणि हिंदीत जवळजवळ काहीच नव्हते. मुलांना मोकळे सोडल्यावर योग्य वेळी योग्य प्रश्न विचारणारे कोणी जवळ नसेल, तर शोध तेथेच थांबतो. माझे काम तेवढेच आहे, पण ते काम आहे.

ए-३०४ (काका): प्रश्न विचारावेत, त्याला हरकत नाही. परंतु ते प्रश्न कोणते, हे आधी लेखी कळावे.

बी-७०१ (आजी): मागच्या शनिवारी वीज गेली तेव्हा मी नातीला घ्यायला आले होते. तेव्हा मुले हॉलमधल्या फरश्यांवर खेळत होती. एक मूल यंत्र झाले होते आणि बाकीची त्याला दोन फरश्या पुढे, मग उजवीकडे, असे सांगत होती. माझी नात समोर उभी राहून डावीकडे म्हणाली आणि ते मूल तिच्या उजवीकडे वळले. तिला आधी राग आला, मग तिने स्वतः त्याच्या जागी उभे राहून पाहिले. हा संगणकाचा धडा होता का, हे मला कळले नाही.

सी-१०३ (ताई): आजी, तोच खरा धडा होता! १९६७ साली सीमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी लोगो ही संगणकभाषा तयार केली. पुढे त्या भाषेतल्या आज्ञांनी जमिनीवर फिरणारे एक यांत्रिक कासव चालू लागले. मुलाने कासवाच्या जागी स्वतःला कल्पून विचार करावा, हा पॅपर्ट यांचा आग्रह होता. तुमच्या नातीने कोणी न सांगता तेच केले. वीज गेली नसती तर हा धडा मी आणखी महिनाभर घेतला नसता.

डी-२०२ (दादा): मग महावितरणलाही मानधन द्यावे लागेल.

ई-५०१: मानधनाचा विषय निघालाच आहे, तर हॉलचे वीजबिल कोण भरते तेही सांगावे.

सेक्रेटरी: पुन्हा विनंती, विषय सोडू नये.

बी-४०२ (आई): हे सर्व वाचून समाधान वाटले, तरी परीक्षेचे काय, हा प्रश्न मला आहेच.

सी-१०३ (ताई): तुमची काळजी रास्त आहे. पुढच्या शनिवारी बंद पडलेल्या एका जुन्या संगणकाची पेटी मुलांसमोर उघडणार आहे. प्रत्येक भाग त्यांनी हाताळायचा, त्याचे चित्र काढायचे आणि खाली मराठीत नाव टाइप करायचे, म्हणजे राहिलेला कळफलकही त्यातच होईल. आणि ए-३०४चे काका, महिनाभर आधीचा तक्ता मला देता येणार नाही, कारण धडा मुलांच्या अडचणीप्रमाणे वळवावा लागतो. पण प्रत्येक तासानंतर काय झाले हे मी वहीत लिहिते. ती वही हॉलच्या कपाटात ठेवीन.

ए-३०४ (काका): वही अवश्य वाचेन. तरीही महिन्याचा अंदाज लेखी मिळाल्यास उपकार होतील.

बी-४०२ (आई): ताई, एक राहिले. माझा मुलगा डावखुरा आहे. त्याच्यासाठी माऊस डाव्या बाजूला ठेवता येईल का?

सी-१०३ (ताई): त्याने तो दुसऱ्याच शनिवारी स्वतः उचलून डावीकडे ठेवला आहे. माऊसच्या बटणांची अदलाबदल कोठे करतात, हे या आठवड्यात त्यालाच शोधायला सांगते.