पाईप बँड: वारसा की किल्टमधला फॅन्सी ड्रेस?

बर्नाबीकर
परवा इथे एकाने कॅनडातल्या ऑन्टॅरिओत मॅक्सव्हिलला भरणाऱ्या हायलँड गेम्सचे (हायलँड म्हणजे स्कॉटलंडचा डोंगराळ भाग, तिथले पारंपरिक खेळ) फोटो टाकले आणि खाली शेरा मारला: 'चार पिढ्या कॅनडात, स्कॉटलंडच्या जुन्या गेलिक भाषेचा एक शब्द येत नाही, पण किल्ट चढवून बॅगपाईप फुंकणार. हा स्कॉटिशपणा नव्हे, फॅन्सी ड्रेस.' तिथेच उत्तर देणार होतो, लांबलं म्हणून वेगळा धागा.

माझी मुलगी इथल्या एका बँडमध्ये टेनर ड्रम वाजवते. सहा वर्षं दर गुरुवारी तिला सरावाला सोडतोय. दोन तास एकाच मार्चच्या चार ओळी. कुणी अर्धी मात्रा मागे पडला की पुन्हा पहिल्यापासून. फॅन्सी ड्रेससाठी एवढं कुणी घासत नाही.

आणि अस्सल कोण हे ठरवायचंच असेल तर ऑगस्टात ग्लासगो ग्रीनवर जागतिक स्पर्धा असते, तिथले निकाल बघा. १९८७ला ऑन्टॅरिओचे ७८वे फ्रेझर हायलँडर्स जिंकले, स्कॉटलंडबाहेरचा पहिला बँड. नंतर आमच्या सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या बँडने १९९५ ते २००९ मध्ये सहा वेळा करंडक आणला. मधे १९९८ला मेलबर्नचे व्हिक्टोरिया पोलीस. स्कॉटलंडच्या अंगणात जाऊन त्यांच्या परीक्षकांपुढे वाजवून आलेत हे लोक.

क्लाइडकाठ
तो शेरा माझाच. मागे घेत नाही.

करंडकाने मुळं सिद्ध होत नाहीत. मुळात पाईप बँड ही चीज जुनी नाहीच. ब्रिटिश लष्कराने हायलँड पलटणींना पाईपवादक अधिकृतपणे दिले ते १८५४ला. पाईप आणि ड्रम एकत्र चालवायचे ही कवायतीची गरज. नागरी बँड त्यानंतरचे. तुमच्या बँडचं मूळ डोंगरात नाही हो, बराकीत आहे.

जुनं संगीत म्हणजे पिब्रॉख. एकटा माणूस, संथ, एकेक रचना दहा-पंधरा मिनिटं. बोटीत बसून गेलेल्यांनी खरं काय जपलं ते कॅनडातल्या केप ब्रेटन बेटावर जाऊन ऐका. फिडल, गेलिक गाणी, स्वयंपाकघरातला नाच. तिथे भाषा टिकवायला १९३८ साली कॉलेज काढलं. मॅक्सव्हिलला टिकलाय तो गणवेश.

खमाज
पिब्रॉखचा विषय निघालाच आहे तर: जुने उस्ताद तो तोंडी बोलांनी शिकवायचे, कॅन्टरॅख म्हणतात त्याला. 'हिओड्रो, हारिन' वगैरे. तबल्याचे बोल पाठ करून घेतात तसंच. आणि पाईपचे सूर मोजून नऊ, थाट चक्क खमाज, वर तीन ड्रोनचा, म्हणजे एकच सूर धरणाऱ्या नळ्यांचा, अखंड षड्ज. मला तर तानपुरा घेऊन बसावंसं वाटतं. फक्त पेटी काढू नका. हल्ली बँडांची पट्टी इतकी चढलीय की लिहितात 'ए' आणि वाजतं काळी पाचच्याही वर.

पलटण_बेळगाव
'बराकीत आहे' ही शिवी कधीपासून झाली? बेळगावात मराठा लाईट इन्फंट्रीच्या सेंटरजवळ वाढलोय. सकाळी पाईप ऐकू आले की आई म्हणायची, ऊठ, साडेसहा झाले. वडील पलटणीत पाईप वाजवायचे. त्यांना गेलिक येत नव्हतं, मराठी आणि कानडी येत होतं. तेही फॅन्सी ड्रेसवाले का, साहेब?

बाकी ज्या पाईपांवर तुमची अर्धी दुनिया शिकते ते सियालकोटला बनतात.

वाइपूची_मावशी
सियालकोटचं नाव काढू नका, जखमेवर मीठ! लेकासाठी ऑनलाइन मागवला होता एक संच. शिसवी, मखमली पिशवी, दिसायला देखणा. तीन महिने सुरात लागला नाही. शेवटी त्याचा शिक्षक म्हणाला, भिंतीला लावा. लावलाय.

पलटण_बेळगाव
मावशी, रीड (आतली सूर देणारी पत्ती) बदलली होती का? चँटर (बोटांची नळी) बदलून पाहिलात? स्वस्त संचातली रीड ही बहुधा शोभेपुरतीच असते. दोष कारागिराला कशाला?

वाइपूची_मावशी
रीड दोनदा बदलली. मला अक्कल शिकवू नका.

बर्नाबीकर
मावशींना +१. शिसवीचा सूर हवेबरोबर हलतो. आफ्रिकन ब्लॅकवूडला पर्याय नाही.

पलटण_बेळगाव
वा! म्हणजे लाकूड टांझानिया-मोझांबिकचं, ते स्कॉटलंडच्या लेथवर चढलं की अस्सल. आणि सियालकोटचा माणूस पिढ्यान्‌पिढ्या तेच करतोय तर तो नकली. शिसवीवर वडिलांनी वीस वर्षं वाजवलं, बेळगावच्या मे महिन्यात आणि जुलैच्या पावसातसुद्धा.

क्लाइडकाठ
धागा वखारीत गेला. सियालकोट निघालंच आहे, आता धाग्याचं काश्मीर व्हायला वेळ लागणार नाही.

बर्नाबीकर
विषय तुम्हीच बदललात. १७४६ला कलोडनच्या लढाईत हायलँडवाले हरल्यानंतर इंग्रजांनी पाईपवर बंदी घातली. ज्यांच्यावर बंदी आली त्यांच्या नातवंडांनी परदेशात ते वाजवायचं, आणि तुम्ही त्याला गणवेश म्हणायचं?

क्लाइडकाठ
ही लोणकढी कॅनडात अजून चालते का? कायद्यात बंदी होती शस्त्रांवर आणि हायलँडच्या पोशाखावर. पाईपचा शब्द नाही. तुमच्या बाजूने एकच गोष्ट आहे, ती मीच देतो: जेम्स रीड नावाच्या पाईपवादकाला त्याच वर्षी यॉर्कला फाशी दिलं, हायलँडची पलटण पाईपशिवाय चालत नाही, सबब पाईप हे युद्धाचं हत्यार, असं म्हणून.

आणि तुम्ही मंडळी 'हायलँड कॅथीड्रल' वाजलं की डोळे पुसता ना? ते १९८२ला दोन जर्मनांनी रचलंय.

बर्नाबीकर
मग काय झालं? चांगलं आहे म्हणून वाजतं. तुमच्या मते जर्मनांनी रचू नये, कॅनेडियनांनी वाजवू नये, पाकिस्तान्यांनी बनवू नये. ग्लासगोत भाड्याने राहणाऱ्या पुणेकराने तेवढे दाखले वाटावेत.

क्लाइडकाठ
भाड्याचं घर नाही, विकत घेतलंय. पुणेकरही नाही, सातारकर.

वाइपूची_मावशी
भांडा, पण एक ऐका. आमच्या गावात आलेले गेल लोक स्कॉटलंडहून आधी नोव्हा स्कोशियाला गेले, तिथून नॉर्मन मॅक्लाउड धर्मगुरूंमागोमाग ऑस्ट्रेलियाला, मग १८५०च्या दशकात इथे न्यूझीलंडला. त्यांचे गेम्स १८७१पासून चालू आहेत. भाषा गेली. आज लेकाच्या बँडमध्ये एक टोंगन, दोन चिनी आणि आमचा देशस्थ. तरी स्कॉटलंडच्या वेस्टर्न आयल्स बेटांवरून आलेली एक म्हातारी पहिल्या रांगेत बसून रडली. का ते तिला विचारलं नाही मी.

क्लाइडकाठ
ठीक आहे. 'फॅन्सी ड्रेस' हा शब्द तेवढा मागे घेतो. मावशींसाठी. बर्नाबीकरांसाठी नाही.

बर्नाबीकर
उपकार झाले. आणि गेलिक येत नाही हे मान्य. मुलीला फक्त 'स्लांजे' (पेला उंचावताना म्हणतात ते 'चिअर्स') येतं, तेही बँडमधल्या मोठ्यांकडून शिकलीय, त्यावर घरी वेगळा धागा चालू आहे.

वाइपूची_मावशी
पलटण, कुठली रीड घेऊ ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. भिंतीवरून काढते एकदा.